ओळ कोठे थांबते?

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या माजघरात एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमची पुतणी, म्हणजे धाकट्या बंधूंची कन्या, महाविद्यालयात शिकते. तिने एक कविता केली होती व ती भीत भीत आमच्या वडील बंधूंच्या, दादांच्या, हाती दिली होती. दादांची सारी हयात संस्कृत व मराठी शिकविण्यात गेली. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'ची 1937 सालची सुधारलेली आवृत्ती अद्याप त्यांच्या उशाशी असते, आणि वृत्तात एक मात्रा चुकली तर त्यांस जेवणात खडा लागल्याप्रमाणे होते. कविता अशी होती:

दहाव्या दिवशी आजीने
आजोबांचा चष्मा पुसला
काड्या दुमडून घरात ठेवला
आणि घर
मिटले.
आजी रडली
नाही.

आमचे तीर्थरूप गेल्या वर्षी निवर्तले, हे येथे सांगितले पाहिजे.

दादांनी कागद मनातल्या मनात वाचला, आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, "भाव खरा आहे. पण बाळ, ही कविता कशी? हेच सारे सलग लिहून पाहा. दोन सरळ वाक्ये होतात. ओळी तू तोडल्या नाहीत, कागदावरच्या रिकाम्या जागेने तोडल्या. हे कवीचे काम नव्हे, छापखान्यातल्या जुळाऱ्याचे काम झाले."

"काका, एकदा मोठ्याने वाचून तरी बघा," ती म्हणाली.

"मोठ्याने वाचावयास आधी चाल लागते," दादा उत्तरले.

पुतणीने कागद घडी करून ठेवून दिला. कोपऱ्यात आमच्या मातोश्री नित्याप्रमाणे पोथी घेऊन बसल्या होत्या. कविता त्यांच्याविषयीच होती. पण ती त्यांच्या कानी पडली नव्हती, आणि त्यांच्यासमोर वाचण्याचे धैर्य मुलीस नव्हते. वाद तेवढ्यावर थांबला. परंतु आमच्या मनातून तो जाईना. दादांचा आक्षेप आजकाल घरोघरी ऐकू येतो व तो अगदीच निराधार नाही. ओळ तोडणे हे केवळ कागदावरचे काम आहे काय, की त्याने कवितेच्या चालीत, सुरात आणि अर्थात काही खरोखर बदलते, ह्याचा विचार करण्याचे आम्ही ठरविले. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण कविता म्हटली की कागदाच्या मधोमध छापलेल्या लहानमोठ्या ओळी डोळ्यांपुढे आणतो. परंतु ही सवय छापखान्याने लावलेली आहे. जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी उलगडून पाहिल्या असतील त्यांस ठाऊक आहे की, तेथे ओवी काय किंवा श्लोक काय, पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग लिहिलेला असे. पुष्कळदा दोन शब्दांमध्येही जागा सोडलेली नसे. मोडीत तर लेखक आधी आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबकळत ठेवीत पानाच्या शेवटापर्यंत जाई. कागद महाग, लेखणी सावकाश. कवितेसाठी पान रिकामे सोडण्याची चैन कोणास परवडणार? चरण संपला की एक दंड, ओवी संपली की दोन दंड आणि पुढे आकडा, एवढीच काय ती खूण.

आणि तरीही कोणाचे अडले नाही. आमच्या मातोश्रींची पोथी सुट्या पानांची, छापील, पण जुन्याच वळणाची आहे. ओळ पानाच्या कडेला भलत्याच शब्दावर संपते आणि खालच्या ओळीत चालू होते. पण त्या वाचताना तेथे कधी अडखळत नाहीत. त्या थांबतात ते बरोबर चरणान्ती. डोळा एका ठिकाणी वळतो आणि वाणी दुसऱ्याच ठिकाणी विसावते. ह्यावरून एवढे सिद्ध होते की ओळ ही वस्तुतः कागदावरची वस्तू नव्हे. ती कानाची आणि श्वासाची वस्तू आहे. कागदावर ती फार उशिरा उतरली.

ह्या ओळीचा जन्म पाहावयाचा असेल तर जात्यापाशी गेले पाहिजे. पहाटे दोन बाया समोरासमोर बसून दळीत असत. एकीने ओवीचा आरंभ करावा, दुसरीने तो उचलावा. खुंटा ओढण्यास लागणारे बळ, पाळू फिरण्यास लागणारा वेळ आणि छातीत मावणारा श्वास ह्या तिहींनी मिळून ओवीची लांबी ठरविली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या. त्या गाणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींस अक्षरओळखही नव्हती. मात्र ओळ कोठे संपते हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही. बहिणाबाई चौधरी (1880–1951) ह्यांचीही हीच कथा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली, आणि ती 1952 साली, त्यांच्या पश्चात, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ओळी कागदावर मांडल्या दुसऱ्यांच्या हातांनी. परंतु त्या तोडल्या होत्या बहिणाबाईंच्या श्वासानेच.

जात्यावरची ओवी ग्रंथात आली तेव्हा तिने आपला बांधा बरोबर आणिला. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. तिच्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, आणि चौथा आखूड व बहुधा मोकळा असतो. ओवी 'साडेतीन चरणांची' म्हणतात ती ह्यामुळेच. अभंगात हाच बांधा अक्षरसंख्येने पक्का झाला: मोठ्या अभंगाच्या चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, एकूण बावीस, यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे.

आता हा शेवटचा आखूड चरण काय करतो ते पाहावे. थोर संतांची वाणी प्रयोगासाठी मोडावयाची आमची छाती नाही. म्हणून आम्ही स्वतःच जुळविलेला एक साधा नमुना घेतो.

अंगणात वृद्धा । निवडिते दाणे ।
ओठावरी गाणे । माहेराचे ॥

वाचकांनी हे दोनदा मोठ्याने म्हणावे. तीन चरण सहा-सहा अक्षरांच्या पावलांनी चालत येतात. कानास चौथ्याही वेळी सहांचीच अपेक्षा असते. परंतु चौथे पाऊल चार अक्षरांवरच थांबते आणि दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेत 'माहेराचे' हा शब्द घुमत राहतो. आता तीच जागा आपण भरून टाकू:

अंगणात वृद्धा । निवडिते दाणे ।
ओठावरी गाणे । माहेरीचे जुने ॥

अर्थ जवळजवळ तोच. किंबहुना एक शब्द अधिकच मिळाला. पण काय हरवले हे कोणत्याही कानास कळेल. पहिल्या रचनेत म्हातारी गाणे म्हणता म्हणता क्षणभर माहेरी जाऊन येते. दुसरीत ती नुसती दाणे निवडीत राहते. अर्थात, ओळ कोठे संपते ह्यावर केवळ ताल अवलंबून नाही. विषयही अवलंबून आहे. माहेर हा विषय त्या चार अक्षरांत जितका आहे तितकाच त्यांच्या पुढील दोन अक्षरांच्या मौनात आहे.

संस्कृत वृत्तांच्या शास्त्रकारांनीही हे मौन ओळखले होते. त्यांनी त्यास 'यती' असे नाव दिले. चरणाच्या शेवटी तर थांबावयाचेच. पण लांब चरणाच्या पोटातही ठराविक ठिकाणी विसावा घ्यावा असा नियम केला. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत बाराव्यावर यती. शिखरिणीच्या सतरांत सहाव्यावर. शब्द अर्धाच उच्चारून यती घ्यावी लागली तर तो 'यतिभंग' म्हणून दोष गणला गेला. आणखी एक बारीक नियम पाहा: चरणाच्या अन्ती लघू अक्षर आले तरी ते गुरू मानता येते. का? कारण तेथे आवाज आपोआप रेंगाळतो. ओळीचा शेवट अक्षराचे वजन वाढवितो, ही गोष्ट आमच्या शास्त्रात फार पूर्वीपासून नमूद आहे. आज आपण जिला 'ओळ तोडणे' म्हणतो तिचे हे पहिले सूत्रच होय.

ह्या विसाव्यांनी सूर कसा पालटतो ह्याचे उत्तम उदाहरण मंदाक्रांता. ह्या वृत्ताच्या चरणात सतरा अक्षरे, आणि विसावे चौथ्या व दहाव्या अक्षरांवर. पहिली चार अक्षरे सारी गुरू. पाय ओढीत चालणाऱ्या माणसासारखी. मग पाच लघू अक्षरे एकामागून एक धावत येतात, आणि सहावे गुरू अक्षर त्यांस थोपविते. उरलेली सात हेलकावे खात खाली उतरतात. जडपणा, उसळी, आणि मग सुस्कारा! कालिदासाने विरही यक्षाच्या मुखी हेच वृत्त सबंध 'मेघदूत'भर का ठेविले ते वेगळे सांगावयास नको. उलट मनाच्या श्लोकांतले भुजंगप्रयात घ्या. बारा अक्षरे, एक लघू व दोन गुरू असे चार सारखे तुकडे. आणि बहुतेक चरणांत एकेक उपदेश पुरा होतो. वृत्ताचा चरण आणि अर्थाचा चरण एकाच ठिकाणी संपतात. म्हणूनच तो उपदेश लहान मुलाच्याही तोंडी बसतो व दोनशे पाच श्लोक ओळीने पाठ होतात.

परंतु ह्या सोयीत एक धोकाही आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्थ संपू लागला की थोड्याच वेळात कान पेंगू लागतो. पुढे काय येणार हे त्यास आधीच ठाऊक असते. म्हणून कवींनी एक नवीच युक्ती योजिली. वृत्त ओळीच्या शेवटी थांबू द्यावे, अर्थ मात्र पुढच्या ओळीत वाहू द्यावा. 1892 साली केशवसुतांनी मराठीत सुनीत आणिले. चौदा ओळींच्या ह्या रचनेत, बहुधा आठ ओळींनंतर, विचारास वळण मिळते. पुढे मराठीत जी पुष्कळ सुनीते झाली त्यांत एका ओळीत सुरू झालेले वाक्य दुसरीच्या मध्यावर जाऊन संपणे नित्याचे झाले. तेथे दोन थांबे निर्माण होतात: एक वृत्ताचा, दुसरा अर्थाचा. दोघांची ओढाताण चालते, आणि तीतून बोलणाऱ्या माणसाचा खरा आवाज ऐकू येतो. अडखळणारा, मनाशी तोलून पाहणारा, मध्येच भरून येणारा असा तो आवाज असतो.

गझलेत ह्याच थांब्याचे रूप अगदी निराळे. माधव ज्यूलियन, म्हणजे दादांचे तेच माधवराव पटवर्धन, फारसीचे पंडित होते. त्यांनी गझल मराठीत रुजविली व 1933 साली 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. पुढे सुरेश भटांनी (1932–2003) तिला घरोघरी नेले. गझलेचा शेर दोन ओळींचा. मैफलीत गाणारा वा म्हणणारा पहिली ओळ म्हणतो, पुन्हा म्हणतो, श्रोत्यांकडे पाहतो, कधी तिसऱ्यांदाही म्हणतो, आणि दुसरी ओळ हातात धरून ठेवतो. श्रोते तर्क करीत राहतात. मग दुसरी ओळ येते आणि सारी सभा एकदम उसळते. ती उसळी दोन ओळींच्या मधल्या विसाव्याने तयार केलेली असते. दोन्ही ओळी एका दमात म्हणून टाका. शेर तोच, पण मैफल बसलेल्या जागेवरून हलणार नाही.

आता ज्या रचनेविषयी दादांचा आक्षेप आहे तिजकडे वळू. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे (1901–1982), ह्यांनी मुक्तछंदाचा हिरिरीने पुरस्कार केला. 1940 सालचे त्यांचे 'भग्नमूर्ती' हे दीर्घकाव्य मुक्तछंदातच आहे. तेव्हापासून 'छंद गेला, आता कोणीही कवी व्हावे' असा ओरडा सुरू झाला, तो अद्याप थांबलेला नाही. आमच्या मते ह्या ओरड्यात एक मोठी समजुतीची चूक आहे. वृत्तात लिहिणाऱ्या कवीस ओळ कोठे संपवावी हे वृत्तच सांगते; वृत्त हा त्याचा वडीलधारा. मुक्तछंदात तो वडीलधारा उठून गेलेला असतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी कवीस स्वतःच निर्णय घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारी स्वतःच पत्करावी लागते. म्हणजे बंधन सुटले खरे. पण कर्तव्य दुप्पट झाले.

ह्याच्या उलट बाजूने बा. सी. मर्ढेकरांचे (1909–1956) उदाहरण घेता येईल. 'काही कविता' ह्या 1947 सालच्या संग्रहात त्यांनी यंत्रयुगातल्या शहराचे व भांबावलेल्या माणसाचे दुःख मांडले, आणि त्यासाठी पुष्कळदा जुन्या अभंग-ओव्यांचेच बांधे वापरले. ओळ आखूड होऊन थांबते तेथे पिढ्यान्पिढ्यांच्या संस्काराने कान देवाच्या नावाची वाट पाहतो. आणि तेथे येते भलतेच काही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष ह्यांतले हे अंतर हाच त्या कवितेचा सूर. ओळीच्या लांबीला स्मृती असते, असे म्हणावयास हरकत नाही.

मुक्तछंदात ओळ तोडण्याने सूर कसा बदलतो ह्याचा एक अगदी घरगुती नमुना देतो. हे वाक्य पाहा:

तुझे पत्र आले वाचले ठेवून दिले

एका ओळीत ते एखाद्या कारकुनाच्या नोंदीसारखे वाटते. आवक, वाचन, दप्तरी दाखल! आता तेच शब्द असे मांडले तर?

तुझे पत्र आले
वाचले
ठेवून दिले

एकही अक्षर बदलले नाही. तरीही दुसऱ्या मांडणीत प्रत्येक कृतीनंतर काही वेळ गेला आहे असे वाटते. 'वाचले' ह्या एकट्या शब्दापुढे किती वेळ ते पत्र हातात राहिले असेल, आणि 'ठेवून दिले' म्हणताना काय काय बोलावयाचे राहून गेले असेल, ह्याची कल्पना वाचक करू लागतो. पहिल्यात बेपर्वाई आहे, तर दुसऱ्यात आवरून धरलेले मन आहे.

येथे आपल्या भाषेचा एक विशेष सांगितला पाहिजे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही मागून. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येऊन उभा राहतो. मराठीत मात्र 'नाही' हा शब्द कानी पडेपर्यंत वाक्य होकारार्थीच असते! म्हणून 'नाही'च्या आधी ओळ तोडली की वाचकाने क्षणभर एका गोष्टीवर विश्वास ठेवलेला असतो, आणि पुढच्या ओळीत ती त्याच्या हातून काढून घेतली जाते. उलटपक्षी, आपले विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये शब्दास चिकटूनच असतात. 'घराबाहेर', 'झाडाखाली' असे शब्द मध्येच तोडता येत नाहीत. इंग्रजी कवी लहानशा संबंधदर्शक शब्दावर ओळ लोंबकळत ठेवू शकतो. तीच लकब आमच्या तरुण कवींनी जशीच्या तशी उचलली तर ती मराठीच्या अंगावर बसणार नाही. प्रत्येक भाषेचे सांधे निराळे. ओळ सांध्यातच वळावी, हाडात मोडू नये.

आता पुतणीची कविता पुन्हा हाती घेऊ. दादांच्या सूचनेप्रमाणे ती सलग लिहून पाहू: 'दहाव्या दिवशी आजीने आजोबांचा चष्मा पुसला, काड्या दुमडून घरात ठेवला आणि घर मिटले. आजी रडली नाही.' दोन वाक्ये, दोन बातम्या. 'घर' म्हणजे चष्म्याचे घर, हे लगेच कळते आणि आपण पुढे जातो. मूळ मांडणीत पहिल्या तीन ओळी लांब आहेत, कारण तेथे हात काम करीत आहेत. पुसणे, दुमडणे, ठेवणे. रोजची कामे रोजच्या लयीत. मग एकाएकी ओळ आखूड होते: 'आणि घर'. येथे वाणी थांबते, आणि त्या थांब्यात चष्म्याचे घर बाजूस सरून आपले राहते घर डोळ्यांपुढे उभे राहते. पुढच्या ओळीत एकच शब्द: 'मिटले'. डबी मिटते तसे पुस्तक मिटते, आणि डोळेही मिटतात. हे सारे अर्थ त्या शब्दात पहिल्यापासून होतेच. ओळीच्या तुटण्याने त्यांस आत यावयास दार मिळाले.

आणि शेवटी 'आजी रडली'. ओळ येथे संपते. त्या विसाव्यापुरती आजी रडलेली असते. वाचकास वाटते, बरे झाले, मन मोकळे झाले. मग 'नाही'. जे रडणे झाले नाही तेच आपल्या कानात शिल्लक राहते. 'आजी रडली नाही' असे सलग म्हटले असते तर ती केवळ माहिती झाली असती. तोडून म्हटल्याने न रडलेले रडणे ऐकू आले. ह्या कवितेचा विषय मृत्यू नव्हे, आवरून धरणे हा आहे. आणि तो विषय शब्दांत कोठेच लिहिलेला नाही. तो दोन ओळींच्या मध्ये आहे.

ह्यावर दादा म्हणतील, मग कोणतीही ओळ कोठेही तोडली तरी असेच काही ना काही अर्थ काढता येतील! छे, तसे होत नाही. हीच कविता अशी तोडून पाहा:

दहाव्या
दिवशी आजीने आजोबांचा
चष्मा
पुसला काड्या दुमडून घरात
ठेवला आणि

येथे डोळ्यास धक्के बसतात, पण कानास काहीच मिळत नाही. 'दहाव्या'पुढे थांबून आपण कशाची वाट पाहावी? वाणी तेथे थांबू इच्छीत नाही. थांबलीच तर मागून काही हाती येत नाही. तेव्हा कसोटी सोपी आहे. ओळी जोडून लिहा आणि दोन्ही मोठ्याने वाचा. जोडल्याने काहीच हरवले नाही तर दादांचे म्हणणे खरे: ते गद्यच, जुळाऱ्याने तोडलेले. आणि हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे की आज छापल्या जाणाऱ्या कवितांपैकी पुष्कळ ह्या कसोटीस उतरणार नाहीत. परंतु त्या उतरत नाहीत म्हणून कसोटीच नाही असे म्हणणे न्यायाचे नव्हे.

ओळीविषयीची बेपर्वाई केवळ कवींचीच आहे असेही नाही. मासिकाच्या अरुंद रकान्यात लांब ओळ मावत नाही, मग तिची शेपटी खाली येऊन नवीच ओळ असल्याचा भास होतो. मोबाईलच्या पडद्यावर तर पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळ हवी तेथे मोडते. आणि कोणी एखादी कविता आवडून दुसऱ्यास पाठविली की पाचव्या हाती पोहोचेपर्यंत तिच्या साऱ्या ओळी एकमेकींस चिकटून तिचा परिच्छेद झालेला असतो. शाळेत याच्या उलट तऱ्हा. मुले प्रत्येक ओळीच्या शेवटी, अर्थ पुरा झालेला असो वा नसो, सारखाच हेल काढून थांबतात. एकीकडे थांबा पुसला जातो, दुसरीकडे त्याचा घाणा होतो. दोन्हींचे मूळ एकच: घरात मोठ्याने वाचण्याची रीत मोडली. पूर्वी एक पोथी वाची आणि दहाजण ऐकत. आता दहाजण दहा पडद्यांवर मनातल्या मनात वाचतात. डोळा फार घाईचा प्राणी आहे. तो ओळीच्या शेवटी थांबत नाही. थांबते ती वाणी. जेथे वाणीच वापरीत नाहीत तेथे ओळीचा शेवट निरुपयोगी वाटला तर नवल काय?

एवढा विचार मनाशी झाल्यावर काल सायंकाळी, दिवे लागण झाल्यानंतर, आम्ही पुतणीस बोलाविले आणि कविता मोठ्याने वाचावयास सांगितले. दादा आरामखुर्चीत होते. मातोश्री पोथी सोडीत होत्या. मुलीने आमच्याकडे पाहिले, मग आजीकडे पाहिले. पुष्कळ वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने वाचले, हलक्या आवाजात, पण जेथे ओळ संपत होती तेथे बरोबर थांबून. 'आणि घर' म्हणून ती थांबली तेव्हा मातोश्रींचा पोथीवरचा हात तसाच राहिला. 'आजी रडली' म्हणून ती थांबली तेव्हा माजघरात कोणी हलले नाही.

"नाही," ती म्हणाली आणि कागद खाली ठेवला.

थोडा वेळ गेला. मग मातोश्री म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हण ग. आणि तिथं अशीच थांब."

तिने पुन्हा म्हटली. ह्या खेपेस मातोश्रींनी डोळ्यांस पदर लावला. वर्षभरात आम्ही ते प्रथमच पाहिले.

दादा बराच वेळ स्तब्ध होते. मग उठून आत जाता जाता, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून, एवढेच म्हणाले, "यती बरोबर पडला आहे."

वृत्ताचे बंधन मानणाऱ्या घराण्यात ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. आमच्या वाचकांनी आणि विशेषतः वाचक-भगिनींनी आपापल्या घरी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. कविता जुनी असो वा नवी. दिवे लागणीनंतर पाच मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे, एकाने वाचावे, आणि जेथे ओळ थांबते तेथे त्यानेही थांबावे. ऐकणाऱ्यांनी त्या थांब्यात घाई करू नये.